बाळाबाईच्या डोळ्यातलं फूल

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. स्वयंपाकघरातली मात्र नव्हे. कांदा मी जन्मात चिरलेला नाही. मी लेखणीएवढी लांब, टोकाशी तिरकी, आणि एके काळी इतकी धारदार की केस उभा चिरून दाखवीन अशी मला घमेंड होती. फोटोग्राफरच्या काचेवरचं नको ते खरवडून काढणं हे माझं काम. तुम्ही म्हणाल, असल्या एवढ्याशा सुरीला सांगण्यासारखं काय असणार? आहे. एकच गोष्ट आहे, आणि ती माझ्या फुशारकीची नाही. माझ्या हातून एका बाईचं फार वाईट झालं. ते कुणाला तरी सांगावं असं गेली कित्येक वर्षं वाटत आहे.

माझा जन्म निपाणीचा. तिथल्या एका न्हाव्याचा विलायती वस्तरा दगडी पायरीवर पडून मोडला आणि त्याचा एक तुकडा शामू लोहाराकडे आला. त्याच सुमारास रघुवीर मुचंडीकर नावाचे एक चित्रकलेचे मास्तर त्याच्याकडे बारीक सुरी करून मागायला आले होते. शामूने तो तुकडा दोन दिवस घासला आणि बाभळीच्या लाकडाची मूठ बसवली. मास्तरांनी मला अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं आणि ते खूश झाले. पुढे त्यांनी शाळा सोडली, बेळगावला खडेबाजारच्या मागच्या गल्लीत फोटोचं दुकान काढलं, आणि मीही त्यांच्याबरोबर आले. दुकान निघालं तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत राहिले.

दुकानाच्या मागे एक काळी खोली होती. तिला खिडकी नव्हती, फक्त लाल काचेचा एक कंदील होता. त्या काळी फोटो काचेवर उतरत असे. काच औषधाच्या पाण्यात घातली की हळूहळू तिच्यावर माणूस उमटे, पण सगळा उलटा. पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. मग काच धुवायची, वाळवायची. बेळगावच्या पावसाळ्यात ती चार-चार दिवस वाळत नसे, तेव्हा मास्तर दूरवर शेगडी ठेवून, निजलेल्या लहान मुलावर ठेवावं तसं तिच्यावर लक्ष ठेवून बसत. काच वाळली की ती कागदावर दाबून गच्चीवर उन्हात ठेवायची, आणि कागद रंगला की तो टिकावा म्हणून सोन्याच्या क्षाराच्या पाण्यातून काढायचा. एका फोटोला आठ दिवस लागले तरी मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. सगळं स्वतःच्या हाताने करायचं, हा त्यांचा बाणा होता.

पण त्यांचं खरं प्रेम उतरत्या मेजावर होतं. तिथे काचेखाली आरसा लावून उजेड घेतला जाई आणि मास्तर डोक्यावरून काळं कापड ओढून काचेवर काम करत. या कामात आम्ही दोघी होतो, एक पेन्सिल आणि एक मी. पेन्सिलीने काचेवर काळं भरलं की फोटोत तेवढी जागा उजळे, म्हणून सुरकुत्या आणि देवीचे वण ती बुजवत असे. मी काचेवरचं काळं खरवडलं की फोटोत तेवढी जागा गडद होई. फरक एवढाच की पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येई. माझं काम पुसता येत नसे. या गोष्टीचा मला तेव्हा मोठा अभिमान होता.

मास्तर म्हणत, “देवाला माणसं घडवायची फार घाई असते. त्याचं राहून गेलेलं आपण सावकाश पुरं करावं.” फोटो म्हणजे माणसाची नक्कल नव्हे, तर त्याचं चित्र, आणि चित्र सुंदरच असलं पाहिजे असं त्यांचं मत होतं. ते कुणाला विचारत नसत. विचारायचं तरी कसं? “तुमच्या तोंडावरचे वण काढू का?” असं म्हणणं म्हणजे माणसाच्या वैगुण्यावर बोट ठेवणं. सभ्य माणसाने गुपचूप काम करावं आणि गिऱ्हाइकाला खूश होऊन जाऊ द्यावं. आणि गिऱ्हाइकं खूश होऊन जातही. वकिलांची पोटं मी आत घेतली, आखूड मानेच्या एका मामलेदारांना मान दिली. आमच्या दुकानाचं नाव पार खानापूरपर्यंत झालं. मीही चढून गेले. धार होती, अक्कल नव्हती.

१९१७ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सांबऱ्याहून गुणाबाई नावाची एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन दुकानात आली. तिचा मुलगा भरमू पलटणीबरोबर समुद्रापलीकडे बसऱ्याला लढाईवर गेला होता. त्याने घरच्यांचा फोटो मागवला होता.

“दोघींचा एकात काढा मास्तर,” गुणाबाई म्हणाली. “पोरगं लांब हाय. बघून बरं वाटंल त्याला.”

सून म्हणजे बाळाबाई. वय असेल अठरा-एकोणीस. सासू खुर्चीत बसली, सून शेजारी उभी राहिली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, म्हणजे बुबुळावर एक पांढरा डाग होता. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांनी तो ठेवला होता. दुसऱ्याच्या सुनेशी परक्या पुरुषाने बोलायचं नाही ही तेव्हाची रीत. त्यामुळे मास्तर सगळं गुणाबाईलाच सांगत होते. “सुनेला म्हणावं मान वर कर. म्हणावं हलू नको.” बाळाबाईने मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांनी सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. तिने पदर डोळ्यावर ओढला नाही, तोंड बाजूला वळवलं नाही. पुढे मला वाटलं, एवढं जरी आमच्या लक्षात आलं असतं तरी पुरे होतं.

त्या दिवशी दुपारी काच मेजावर आली. डाव्या डोळ्यात ते फूल काचेवर काळं उमटलं होतं. मास्तरांनी मला हातात घेतलं. चार हलके फटकारे आणि फूल गेलं. इतकं सफाईदार काम मी आजवर केलं नव्हतं, असं मला वाटलं. सुरी काय, हात नेईल तिकडे जाते, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मित्रांनो, मी हाताबरोबर नुसती गेले नव्हते. मला त्यात आनंद झाला होता. म्हणून तो दोष मी माझ्या माथ्यावर घेते.

फोटो न्यायला दोघी आल्या. गुणाबाई स्वतःच्या नव्या लुगड्याची घडी कशी आली आहे तेच पाहत राहिली. बाळाबाईने फोटो हातात घेतला, खूप वेळ पाहिला, आणि हळूच सासूला म्हणाली, “आत्ती, ह्ये मला वळखतील न्हवं?”

“न वळखाय काय झालं? लई ग्वाड आलीयास,” सासू म्हणाली. मास्तर नुसते हसले. आपल्या कामाची तारीफ झाली असं त्यांना वाटलं. जाताना बाळाबाईने पदर डाव्या बाजूने थोडा पुढे ओढून घेतला. येताना तो तसा नव्हता. ते मी मेजावरून पाहिलं आणि तरी मला काही कळलं नाही.

सहा-सात महिन्यांनी, ज्येष्ठात, त्या दोघी पुन्हा आल्या. गुणाबाई पायरीवर पाय चोळत बसली आणि या वेळी बाळाबाई स्वतः मेजापाशी आली. तिने कमरेला खोचलेलं एक पत्र काढून मास्तरांपुढे ठेवलं.

“शाळंतल्या मास्तरांनी वाचलंय. तरी तुमी वाचा,” ती म्हणाली. “तुमीच वाचाय पायजे.”

पत्र आईच्या नावाने होतं. त्या काळी नवरा बायकोला पत्र घालत नसे, जे सांगायचं ते आईला सांगत असे. मास्तरांनी मोठ्याने वाचलं. ‘आईस भरमूचा शिरसाष्टांग नमस्कार. फोटो पोचला. तुझा चांगला आला आहे. तुझ्या शेजारी उभी आहे ती बाई कोण ते समजलं नाही. आमच्या घरातलीचा फोटो पाठवावा.’

मास्तरांनी पत्राची घडी घातली.

“माझ्या डोळ्यातलं फूल तुमी काढलं,” बाळाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आमची आई सांगायची, दोन भावंडं देवीनं नेली. माझ्यापाशी आली, आन जीव न नेता फूल ठेवून गेली. ते देवीआईचं देणं हाय मास्तर. ते परत घाला.”

मास्तरांनी काच काढली. खरं तर काचेवर पेन्सिलीने एक काळा ठिपका दिला की फोटोत पांढरा डाग येणार होता. त्यांनी तसा ठिपका दिला, गच्चीवर जाऊन कागदावर उतरवून आणला. बाळाबाईने तो पाहिला आणि मान हलवली. “असं न्हाय. हे टिकली चिकटवल्यावाणी दिसतंय.”

मास्तरांनी ठिपका पुसला, दुसरा दिला, तोही चुकला म्हणून पुसला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते फूल नेमकं कसं होतं हे त्यांना ठाऊकच नाही. गोल होतं की लांबट, वर होतं की खाली? त्यांनी ते पाहिलं होतं ते फक्त काढून टाकण्यापुरतं. आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यात निरखून पाहायचं, तर ते रीतीला धरून नव्हतं. मला मात्र त्याचा आकार माहीत होता. त्याच्या कडेकडेने मीच फिरले होते. पण सुरीला विचारतो कोण?

“पुन्हा बसावं लागेल,” मास्तर म्हणाले. “फुकट काढून देईन. पण लढाईमुळे काचा मिळत नाहीत. दिवाळीनंतर या.”

मित्रांनो, इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते. काचा अगदीच नव्हत्या असं नाही. कपाटात सहा काचांची एक पेटी होती. पण मास्तरांना मुंबईच्या एका प्रदर्शनात चित्र पाठवायचं होतं. कणकुंबीच्या रानात धुकं झाडांच्या बुंध्यांतून कसं सरकतं ते त्यांना काचेवर धरायचं होतं. श्रावणात ते बैलगाडीने तिकडे गेले, चार दिवस भिजले, आणि सहाच्या सहा काचा वापरून आले. त्यांतली एक काच अप्रतिम होती. तिच्यावर आम्ही पंधरा दिवस काम केलं. झाडाची एक आडवी फांदी पेन्सिलीने बुजवली, बुंधे मी गडद केले, तर धुकं मोकळं झालं. त्या चित्राला पदक मिळालं. कलाकाराने आधी आपल्या चित्राचं पाहावं असं मास्तर म्हणत असत. तसं ते चूकही नसेल. पण सहातली एक काच त्यांना सांबऱ्याच्या बाईसाठी ठेवता आली असती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच तो इन्फ्लुएंझाचा भयंकर ताप आला. गल्लीगल्लीतून माणसं जाऊ लागली. दुकान महिनाभर बंद होतं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, बाळाबाई आली नाही. एकदा बाजारात सांबऱ्याचा एक माणूस भेटला, त्याला मास्तरांनी विचारलं. तो म्हणाला, “भरमूची बायकू व्हय? ती तापात गेली की. दसऱ्याच्या आदी चार दीस.”

मास्तर घरी येऊन मेजापाशी बसले. त्यांनी काळं कापड डोक्यावरून ओढून घेतलं. मेजावर काच नव्हती.

पुढच्या वर्षाच्या अखेरीला भरमू आला. मास्तरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण अंगातला खाकी कोट आणि डोक्याचा पटका पाहून त्यांनी ओळखलं. त्याने खिशातून मेणकापडात गुंडाळलेला फोटो काढला आणि मेजावर ठेवला. कडा झिजल्या होत्या, घामाने एक कोपरा पिवळा पडला होता. मास्तरांनी भिंग घेतलं. बाळाबाईच्या डाव्या डोळ्यात कागद खरवडला होता, आणि तिथे आतला पांढरा कागद दिसत होता. भिंगातून तांदळाच्या कणीएवढा, वरच्या अंगाला जरा निमुळता. मी तो पाहिला आणि ओळखला. अगदी तेच होतं ते.

“हे कोणी केलं?” मास्तरांनी विचारलं.

“म्या केलं. तिकडं, बसऱ्यात. सुईच्या टोकानं. दोन दीस लागलं,” भरमू म्हणाला. “त्याशिवाय ती माझ्याकडं बघत न्हवती. आता ह्यो कागुद जायला लागलाय. काच असंल तर दुसरा काढून द्या.”

“काच आहे. देतो.”

भरमू उठला नाही. पटका काढून त्याने मांडीवर ठेवला.

“एक इचारू काय मास्तर? तो डोळा तसा करा म्हणून तिनं सांगितलतं काय?”

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

“आमची पत्रं लिहायचा एक, तपासायचा दुसरा,” भरमू सांगू लागला. “त्यात असलं कसं इचारायचं? म्हणून नुस्तं लिवलं, ही बाई कोण. पर डोस्क्यातनं जात न्हाय. लगीन ठरताना माझ्या चुलत्यानं नाक मुरडलतं, तिच्या कानावर गेलतं. मला ते फूल कदी खटकलं न्हाय. पर तोंडानं तसं सांगितलं बी न्हाय. तिला वाटलं असंल, ह्यांना आवडत न्हाय, निदान फोटूत तरी चांगलं दिसावं. असं वाटून ती गेली असंल तर…”

हो म्हटलं असतं तर मास्तरांचा दोष झाकला गेला असता. ती म्हणाली म्हणून मी केलं, एवढं एकच वाक्य. खोटं ठरवायला ती आता येणार नव्हती. मास्तरांच्या बोटांत मी होते. त्यांनी मला मेजावर ठेवलं.

“नाही,” मास्तर म्हणाले. “तिने काही सांगितलं नाही. मी विचारलंच नाही. माझ्या मनाने काढलं.” मग जे कुणी विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगितलं. “तुमचं पत्र आल्यावर ती इथे आली होती. फूल परत घाला म्हणाली. देवीआईचं देणं आहे म्हणाली. माझ्याकडे काचा होत्या. मी तिला दिवाळीनंतर ये म्हणालो.”

भरमूने मान वर केली.

“परत घाला म्हणाली?”

“हो.”

“तशी म्हणाली?”

“तशीच.”

त्याने पटक्याच्या टोकाने डोळे पुसले. मास्तरांना तो काही लागेल असं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कागद उन्हात ठेवला तेव्हा भरमू शेजारी उकिडवा बसून राहिला. फोटो धुऊन, सोन्याच्या पाण्यातून काढून, वाळून हातात आला. डोळा तसाच, मी केलेला, साफ आणि परका. मास्तरांनी मला पुसून मूठ त्याच्यापुढे केली. “ही घ्या. हिच्याने नीट होईल. तुम्हीच करा.”

“हीच काय ती?” भरमूने विचारलं.

“हो.”

“मग नगं.”

त्याने कोटाच्या कॉलरमागे टोचलेली सुई काढली, फोटो गुडघ्यावर ठेवला आणि श्वास धरून काम करू लागला. त्याला आठवावं लागत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने फुंकर मारून भुकटी उडवली, फोटो मेणकापडात गुंडाळला आणि रामराम करून गेला. मी मेजावर पडून होते. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही मला हातात घेतलं नसतं.

त्यानंतर मास्तरांनी मला कुणाच्या चेहऱ्याला लावलं नाही. आता ते प्रत्येकाला समोर बसवून विचारू लागले, “काय ठेवायचं, काय काढायचं?” सुनांनाही थेट विचारत, मग सासवा नाक का मुरडेनात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे फोटो त्यांनी काढले ते काळ्या पडलेल्या बोटांसकट. कपाळावरचं गोंदण, भाजल्याची खूण, पडलेले दात, सगळं त्यांनी राहू दिलं. लोक म्हणू लागले, मास्तरांची नजर गेली. पलीकडच्या गल्लीत एकाने नवं दुकान काढलं आणि तो सगळ्यांना गोरं करून देऊ लागला. आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. कणकुंबीच्या धुक्याचं पदक मास्तरांनी पुन्हा कधी कुणाला दाखवलं नाही.

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. आता मी त्यांच्या मुलीच्या, सुनंदाच्या टेबलाच्या खणात असते. ती माझ्याने पेन्सिलींना टोक करते, आणि परवा ऑगस्टात गल्लीत स्वातंत्र्याचा झेंडा लागला तेव्हा पताकांचे कागदही तिने माझ्यानेच कापले. धार गेली आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती काच अजून माळ्यावरच्या पेटीत आहे, आणि तिच्यात बाळाबाई उभी आहे. भरमूने दोन कागदांवर तिला तिचं फूल परत दिलं. काचेवर ते नाही आणि कधी येणारही नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात सुरी नसेल, पण कुणाचं काहीतरी नीट करायची हौस तुम्हालाही कधीतरी येईल. तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. आणि ते माणूस स्वतः तुमच्या दारात येऊन, माझं होतं तसं मला परत द्या म्हणालं, तर त्याला दिवाळीनंतर ये म्हणू नका.